खरडण्याआधी ओळखा : प्रार्थना कीटकाची पिल्लं बाहेर कशी येतात

या महिन्याचा अभ्यास – परसबाग
लेखन : क्षेत्र समन्वयक, खेड तालुका



दसरा-दिवाळी जवळ आली की आपण घर झाडतो, भिंती घासतो, परसबागेचं कुंपण साफ करतो. या दिवसांत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कडीपत्त्याच्या फांदीला फेसासारखा कडक गोळा चिकटलाय. कशाची तरी अंडी दिसतायत. खरडून टाकू का?" काही जणींनी तोपर्यंत तो खरडून चुलीत टाकलेला असतो. काही जणींनी त्याच्यावर पंप मारलेला असतो, म्हणजे औषधाचे पैसेही गेलेले असतात.

तो गोळा बहुतेक वेळा प्रार्थना कीटकाचा असतो. पुढचे दोन पाय जोडून, मान वर करून बसणारा तो हिरवा किंवा तपकिरी लांबट किडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. कुणी त्याला खंडोबाचा किडा म्हणतं, कुणी सरळ नाकतोडाच म्हणून टाकतं. पण नाकतोडा पानं खातो, आणि हा किडे खातो. पानाला हा तोंडही लावत नाही. म्हणजे आपण ज्याला कीड समजून खरडतो, ती परसबागेत किडे पकडणाऱ्याची पिल्लं असतात.

म्हणून या महिन्यात आपण एवढंच शिकूया. हा गोळा बनतो कसा, त्यातून पिल्लं बाहेर कशी येतात, आणि गोळा बघून आत काय चाललंय हे कसं ओळखायचं. हे कळलं की खरडायचं की ठेवायचं, हे तुमचं तुम्हीच ठरवू शकाल. दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही.

गोळा बनतो कसा

अंडी घालायची वेळ आली की मादीचं पोट चांगलं फुगतं. ती एखादी काडी, फांदी, कुंपणाचा खांब, नाहीतर भिंतीचा कोपरा शोधते आणि बऱ्याचदा डोकं खाली करून बसते. मग पोटाच्या टोकातून चिकट पातळ द्रव सोडते आणि तेच टोक इकडून तिकडे हलवत तो घुसळते. रिठ्याचं पाणी घुसळलं की जसा फेस येतो तसाच हा फेस. त्या फेसातच ती ओळीने अंडी ठेवत जाते. एक थर फेस, त्यात अंड्यांची ओळ, पुन्हा फेस. मागे वळून बघत नाही. सगळं काम पोटाच्या टोकाच्या स्पर्शावर चालतं आणि त्याला काही तास लागतात.

हवा लागली की फेस घट्ट होतो. सुरुवातीला पांढरट, मऊ असलेला गोळा नंतर तपकिरी आणि कडक होतो. बाहेरून कठीण कवच, आत हवेच्या बारीक पोकळ्या. चाकण-महाळुंगेच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. पार्ट फोमच्या ट्रेमध्ये ठेवताना प्रत्येकाला वेगळा खण असतो ना, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही? तसंच इथे प्रत्येक अंड्याला वेगळा खण. ऊन, वारा, पाऊस, धक्का, सगळ्यापासून बचाव.

गोळ्याचा आकार जातीप्रमाणे बदलतो. आपल्याकडे जो मोठा हिरवा प्रार्थना कीटक दिसतो, त्याचा गोळा साधारण सुपारीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, फुगीर असतो. काही जातींचा लांबट, पट्टीसारखा असतो. काहींचा खोडाच्या सालीला चपटा चिकटलेला असतो. भारतात प्रार्थना कीटकांच्या दीडशेहून जास्त जाती आहेत, त्यामुळे सगळे गोळे एकसारखे असणार नाहीत. आत अंडी किती हेही जातीवर आहे. लहान जातीत दहा-वीस, मोठ्या जातीत शंभर-दोनशे किंवा त्याहूनही जास्त. एक मादी एकापेक्षा जास्त गोळे घालू शकते.

एक गंमत सांगते. प्रार्थना कीटक हा झुरळाचा जवळचा नातेवाईक आहे. झुरळही आपली अंडी एका डबीत घालतं. कपाटाच्या मागे सापडणारी ती गडद तपकिरी, चपटी डबी म्हणजे झुरळाची अंडी. ती मात्र बिनधास्त टाका.

पिल्लं बाहेर कशी येतात

गोळ्याच्या वरच्या बाजूला, मधोमध एक उभी रेघ दिसते. नीट बघितलं तर ती एकावर एक ठेवलेल्या बारीक झडपांची ओळ असते, साडीच्या निऱ्यांसारखी. आत प्रत्येक अंड्याचं डोकं या रेघेकडे असतं. बाहेर पडायचा रस्ता मादीने फेस घालतानाच ठेवलेला असतो. झडपा आतून ढकलल्या की उघडतात.

उबदार हवेत मोठ्या जातींची अंडी साधारण तीन ते सहा आठवड्यांत तयार होतात. थंडी असली की वेळ लांबतो. जिथे बर्फ पडतो अशा देशांत तर काही जातींचे गोळे सगळा हिवाळा फांदीवर तसेच राहतात आणि वसंतात उघडतात. म्हणून गोळा दिसल्यापासून महिनाभरात काही हललं नाही तरी तो मेला असं समजू नका.

पिल्लं बाहेर येतात ती बहुतेक वेळा सकाळी. पायऱ्या अशा :

पहिली पायरी. रेघेतून बारीक पिवळसर ठिपके वर येतात. हे पिल्लू अजून किड्यासारखं दिसत नाही, अळीसारखं दिसतं. पाय अंगाला चिकटवून, पातळ पारदर्शक पापुद्र्यात गुंडाळलेलं असतं. बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळतात तसं. दोन काळे डोळे तेवढे उठून दिसतात. पाय वापरता येत नाहीत म्हणून ते अंग वळवळवून पुढे सरकतं.

दुसरी पायरी. पिल्लू रेघेतून निसटतं, पण खाली पडत नाही. पोटाच्या टोकाला रेशमासारखा बारीक धागा असतो आणि तो गोळ्याला अडकलेला असतो. त्या धाग्यावर पिल्लू डोकं खाली करून लोंबकळतं. एकामागून एक पिल्लं येतात, एकमेकांच्या अंगावरून घसरतात, आणि गोळ्याखाली जिवंत पिल्लांचा घोस तयार होतो.

तिसरी पायरी. लोंबकळतानाच पिल्लू पहिली कात टाकतं. अंग फुगवून तो पापुद्रा फाडतं आणि त्यातून पाय, मिशा एकेक करून सोडवतं. आता ते खऱ्या अर्थाने प्रार्थना कीटक दिसतं. फक्त पंख नसतात आणि लांबी तांदळाच्या दाण्याएवढी असते. कात तिथेच धाग्याला लटकत राहते.

चौथी पायरी. अंग अजून मऊ आणि फिकट असतं. ते वाळून घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर पिल्लं तिथेच काडीवर, पानावर थांबतात. मग हळूहळू पांगतात. दुपारपर्यंत गोळ्यापाशी काही नसतं, फक्त पांढऱ्या कातींचा झुबका.

मोठ्या जातीत हा सगळा कार्यक्रम तास-दोन तासांत उरकतो. काही जातींत मात्र पिल्लं थोडी थोडी करून काही दिवसांत बाहेर येतात. म्हणून एकदा पिल्लं दिसली की गोळा लगेच काढू नका, आत मागे राहिलेली असू शकतात.

आता लक्षात घ्या, या पिल्लांच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक वेळ हाच आहे. पळता येत नाही, अंग मऊ आहे, आणि सगळी एकाच जागी आहेत. मुंग्यांना पत्ता लागला तर रांग लागते. सरडा, कोळी, पक्षी हेही असतातच. त्याच सकाळी आपण शेजारच्या वांग्यावर औषध मारलं, तर गोळ्यात असताना थोडी तरी आड होती, ती आता नाही. सगळी पिढी एका फवाऱ्यात जाते.

पांगल्यानंतर

पिल्लं वाटेल तिकडे पळतात ती एकमेकांपासून दूर व्हायला. कारण भूक लागली आणि दुसरं काही मिळालं नाही, तर ती एकमेकांनाच खातात. आई काही सांभाळायला नसते. पहिल्या दिवसापासून ज्याची त्याने शिकार करायची. लहानपणी मावा, चिलटं, तुडतुड्यांची पिल्लं असं बारीक खाणं. अंग वाढलं की कात टाकायची, मग थोडं मोठं भक्ष्य. अशी सहा ते नऊ वेळा कात टाकून, काही महिन्यांनी शेवटच्या कातीनंतर पंख येतात. फुलपाखरासारखी अळी आणि कोष अशी अवस्था याला नसते. लहान पिल्लू मोठ्याचीच छोटी नक्कल असतं.

काही जातींची लहान पिल्लं काळ्या मुंगीसारखी दिसतात. मुंगीच्या वाटेला फार कुणी जात नाही, त्याचा फायदा ती घेतात. तेव्हा मुंगीसारखा दिसणारा, पण पुढचे पाय दुमडून बसलेला आणि मान वळवणारा किडा दिसला तर नीट बघा.

शंभर-दोनशे पिल्लांपैकी पंख येईपर्यंत फार थोडी टिकतात. म्हणूनच मादी इतकी अंडी घालते. "दोनशे निघाली तर बाग भरून जाईल" ही भीती नको.

गोळा वाचायला शिका

चष्मा असेल तर चष्मा लावा, नाहीतर पोरीच्या मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. चार गोष्टी दिसू शकतात.

१. रेघ बंद, कवच शाबूत, कुठे भोक नाही. गोळा बहुधा भरलेला आहे. हात लावू नका.

२. रेघेतून बारीक धागे आणि पांढरट काती लटकलेल्या. पिल्लं निघाली. वाऱ्या-पावसाने काती उडून गेल्या असतील तर फक्त रेघेच्या झडपा उचकटलेल्या दिसतील. दोन-तीन आठवडे थांबून काढला तरी चालेल. ठेवला तरी काही बिघडत नाही.

३. अंगावर, कडेला, टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं. हे पिल्लांचं काम नाही. एक अगदी बारीक परोपजीवी माशी असते. ती लांब सुईसारख्या अवयवाने गोळ्यात आपली अंडी घालते. तिच्या अळ्या आतली प्रार्थना कीटकाची अंडी खातात आणि मोठ्या होऊन भोक पाडून बाहेर पडतात. तरी सगळीच अंडी गेली असं नसतं. उरलेल्यांतून पिल्लं निघू शकतात.

४. गोळा फोडलेला, कुरतडलेला, अर्धा गायब. पक्ष्याने किंवा उंदराने खाल्लेला.

थोडक्यात, मधल्या रेघेतून निघाली ती प्रार्थना कीटकाची पिल्लं, आणि कडेला गोल भोक असेल ते दुसऱ्या कुणाचं काम. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

याच्याशी गल्लत करू नका

पपई, जास्वंद, सीताफळावर पांढरा कापसासारखा थर दिसतो, बोटाने दाबला की चिकट होतो. तो पिठ्या ढेकूण. तो धुवून, पुसून काढायचाच.

मक्याच्या पानावर केसाळ लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर तो लष्करी अळीच्या पतंगाचा असू शकतो. तो पानावर असतो, मऊ असतो, फेसासारखा कडक नसतो. ते पान तोडून नष्ट करा.

भिंतीवर मातीचं छोटं मडकं किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर ते कुंभारीण माशीचं घर. ती आपल्या पिल्लांसाठी अळ्या किंवा कोळी पकडून आत भरते. तिचाही त्रास नाही.

जाळीदार, रेशमी, मऊ पुरचुंडी म्हणजे कोळ्याची अंडी.

प्रार्थना कीटकाच्या गोळ्याची खूण ही, की तो फेस वाळून कडक झाल्यासारखा दिसतो, काडीला घट्ट बसलेला असतो आणि मधोमध रेघ असते.

मग हा आपला मित्र का? खरा हिशेब

इथे मला सरळ बोलायचंय. हल्ली मोबाइलवर "हा किडा पाळा, फवारणी बंद करा" असे व्हिडिओ फिरतात. तसं नसतं.

प्रार्थना कीटक समोर येईल ते खातो. मावा खातो, अळी खातो, नाकतोडा खातो. तशीच मधमाशी, फुलपाखरू आणि दुसरे मित्रकीटकही खातो. तो एका जागी दबा धरून बसतो, बाग पिंजून काढत नाही. एखाद्या वेलावर माव्याची गर्दी झाली तर दोन प्रार्थना कीटक ती आवरू शकणार नाहीत. कांद्याचंच घ्या. आपल्या चाकण बाजाराचं मुख्य पीक. त्यावरचे फुलकिडे मिलिमीटरभर लांबीचे, आणि ते पातीच्या बेचक्यात लपून बसतात. तिथे याचा उपयोग होत नाही. कांद्याच्या किडीसाठी राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, आपल्या तालुक्यातच. त्यांचा सल्ला घ्यावा.

मग ठेवायचा कशाला? कारण तो एकटा नसतो. ज्या बागेत प्रार्थना कीटकाचा गोळा टिकतो, तिथे ढालकिडे, कोळी, चतुर, परोपजीवी माश्या यांनाही जागा मिळालेली असते. ही सगळी मंडळी मिळून किडीची संख्या आटोक्यात ठेवतात. आपण वरचेवर औषध मारलं की आधी हे मरतात. मावा आणि पांढरी माशी यांची संख्या फार लवकर वाढते, त्यामुळे किडी परत येतात आणि त्यांना खाणारे परत यायला वेळ लागतो. मग पुन्हा औषध. हा फेरा आपण सगळ्यांनी बघितलाय.

परसबागेतली भाजी आपण घरात खातो. अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटात जाते, गरोदर सुनेच्या ताटात जाते. पंप पाठीवर नसला तरी औषधाचं पाणी कालवायला, भांडी धुवायला, फवारलेली भाजी तोडायला बाईच असते. म्हणून दर वेळी "आधी बघू, मग ठरवू" ही सवय लागली तर पैसाही वाचेल आणि अंगावर येणारं औषधही कमी होईल. गोळा ओळखणं ही त्या सवयीची पहिली पायरी आहे.

आपल्या पट्ट्यात हे जास्त महत्त्वाचं का

महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी इकडे गेल्या काही वर्षांत काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जिथे बांध होते तिथे कंपाउंडच्या भिंती आल्या. निर्गुडी, घाणेरी, बोरीची कुंपणं गेली, तारेची आली. प्रार्थना कीटकाला अंडी चिकटवायला काडी लागते, आणि पिल्लांना लपायला दाट पाला लागतो. सिमेंटच्या भिंतीवर तो गोळा घालेलही, पण पिल्लांनी पांगायचं कुठे?

दुसरी गोष्ट उजेडाची. रात्रपाळीला जाणाऱ्या ताईंनी बसथांब्यावरच्या दिव्याखाली पंखवाले प्रार्थना कीटक पडलेले पाहिले असतील. उजेडाकडे ओढ घेऊन येणारे बहुतेक नर असतात. तिथे पाली, कुत्री, गाड्यांची चाकं.

अशा वेळी गावातल्या परसबागा, शाळेमागचं कुंपण, देवळाच्या आवारातली झाडी हेच उरतं. या जागा बऱ्याचदा आपल्याच हातात असतात. पोषण परसबागेसाठी ग्रामसंघाने जी जागा धरली आहे, तिथलं कुंपण कसं ठेवायचं हे बाया ठरवतात. तेव्हा ही गोष्ट छोटी असली तरी आपल्या अधिकारातली आहे.

आणखी एक माहिती. देशातल्या प्राण्यांची, किड्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. १९१६ साली स्थापन झालेली, मुख्य कार्यालय कोलकात्याला. तिचं पश्चिम विभागीय केंद्र पिंपरी-चिंचवडमध्येच, आकुर्डीला आहे. किडे ओळखणं हे पगारी, शास्त्रीय काम आहे आणि ते आपल्या शेजारीच चालतं, हे विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलींना जरूर सांगा.

काय करायचं

कुंपण छाटायच्या आधी एक फेरी मारा. गोळा दिसला की त्या काडीला रंगीत दोरा बांधा. छाटणी करणाऱ्याला सांगा, दोरा असलेली काडी सोडायची.

काडी छाटलीच गेली असेल तर गोळा काडीसकट घ्या. कमरेएवढ्या उंचीवर दाट झुडपात ती काडी बांधा. गोळा जसा उभा होता तसाच ठेवा, उलटा नको. जमिनीवर ठेवला तर मुंग्या सोडणार नाहीत. कवच सोलायचं नाही.

गोळा घरात आणून बरणीत बंद करू नका. पिल्लं निघाली आणि बाहेर सोडायला कुणी नसलं तर ती एकमेकांना खातात नाहीतर उपाशी मरतात.

सगळं कुंपण एकाच दिवशी साफ करू नका. अर्धं आता, अर्धं महिन्या-दीड महिन्याने.

मावा थोडा असेल तर शेंडा खुडा, नाहीतर पाण्याचा जोरदार फवारा मारा. जास्त असेल तर निंबोळी अर्क. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळा, थोडा साबणचुरा मिसळा. संध्याकाळी, फक्त कीड असलेल्या भागावर मारा. निंबोळी अर्कही लहान पिल्लांना चांगला नाहीच, म्हणून सगळ्या बागेवर नको आणि दोरा बांधलेल्या काडीजवळ तर नकोच.

बैठकीत विचारल्या जाणाऱ्या शंका

हा चावतो का? विषारी आहे का?
विषारी नाही, नांगी नाही. मोठा हातात गच्च धरला तर पुढच्या काटेरी पायांनी ओरखडा काढतो, क्वचित चिमटाही घेतो. पोरांना बघू द्या, दाबू देऊ नका.

घराच्या भिंतीवर गोळा आहे, पिल्लं घरात शिरली तर?
ती अन्नाला, कपड्याला, धान्याला काही करत नाहीत. सुपात किंवा कागदावर घेऊन बाहेर झाडावर सोडा.

मादी नराला खाते म्हणतात, खरं का?
कधी कधी खाते, प्रत्येक वेळी नाही. मादी उपाशी असेल तर शक्यता जास्त. अंडी तयार करायला तिला पोषण लागतं. यावर बैठकीत हसायला होतं, पण गरोदरपणात बाईच्या ताटाकडे आधी बघायला हवं, हा आपला पोषणाचा विषय इथे आपोआप निघतो. तो तेवढ्यात उरकून घ्या.

गोळे विकत आणून बागेत लावावेत का?
नको. परदेशात बागेसाठी असे गोळे विकले जातात. पण बाहेरची जात आणून सोडणं बरं नाही, आणि वर सांगितलंच की मोठ्या किडीवर हा उपाय नाही. इथे जे आपोआप येतात ते टिकवले तरी बास.

गटासाठी अभ्यास

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने एवढं करावं :

१. परसबागेत, कुंपणावर किती गोळे सापडले ते मोजा. सापडला नाही तर "शून्य" लिहा, तीही नोंदच आहे.

२. प्रत्येक गोळ्यासमोर लिहा : तारीख, कोणत्या झाडावर, रेघ बंद की उघडी, कडेला भोकं आहेत का.

३. आठवड्यातून दोनदा सकाळी पाणी घालताना बघा. पिल्लं निघताना दिसली तर वेळ लिहा, फोटो काढा. सातवी-आठवीच्या मुलीला हे काम दिलं तर ती आवडीने करेल.

४. गेल्या तीन महिन्यांत परसबागेसाठी कोणतं औषध आणलं, कितीला आणलं आणि ते कुणी ठरवलं, हे वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. नाव आठवत नसेल तर बाटलीचा फोटो चालेल.

ही दोन्ही पानं ग्रामसंघाच्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत. कृषीसखी तिथे असतील, मीही येईन. कोणतं औषध खरंच लागलं होतं आणि कोणतं नुसतं गोळा बघून घाबरून मारलं, हे आपण त्या दिवशी मिळून ठरवू. सोबत एखादा रिकामा, काती लटकलेला गोळा काडीसकट आणलात तर ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही हातात घेऊन बघता येईल.